होटगी रोडवरच्या इंग्लिश कॉटेजी

आमच्या जुन्या ऑफिसातली आम्ही तिघं अजून भेटतो. तुकाराम, गड्डम आणि मी. पहिल्या चहाला तब्येती होतात, दुसऱ्या चहाला मुलंबाळं, आणि मग दोघांपैकी एक जण म्हणतोच, "बाई, कॉटेजीचं काढा की!"

असले किस्से एकदा सुरू झाले की आवरत नाहीत. मी एक सांगावा तर गड्डमला दुसरा आठवतो, दुसरा संपायच्या आत तुकाराम तिसऱ्याचं शेपूट धरतो. ते दोघं डोळे पुसेपर्यंत हसतात. मी मात्र दर खेपेला नव्यानं चिडते! आणि मी चिडले की त्यांना जास्तच हसू येतं. त्यामुळं आता ठरूनच गेलंय. सांगायचं मी, चिडायचं मी, हसायचं त्यांनी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता, सिमेंट परमिटवर मिळत होतं, आणि मी मुंबईहून आर्किटेक्चरची डिग्री घेऊन सोलापूरला परत आले होते. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर आगाशे साहेबांचं ऑफिस होतं, तिथं नोकरीला लागले. आगाशे साहेब भर मे महिन्यात टाय लावायचे आणि तोंडात न पेटवलेला पाइप धरायचे. गड्डम ड्राफ्ट्समन. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी, आणि ट्रेसिंगवर शाई सांडली की दोन्ही एकदम! तुकाराम वैरागचा, साइटवरची देखरेख त्याच्याकडं. आणि मी.

क्लायंट जिना चढून वर आले की गड्डमला हात जोडून "नमस्कार आर्किटेक्ट साहेब" म्हणायचे आणि माझ्याकडं बघून "दोन चहा सांगा."

एकदा मी तोंडावर सांगितलं, "आर्किटेक्ट मी आहे."

"असू दे की," ते गृहस्थ म्हणाले, "आर्किटेक्टनं चहा सांगितला तर काय कडू लागतोय व्हय?"

*

पहिली कॉटेज चन्नाप्पा शेठची. तेलाचा मोठा व्यापारी माणूस. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि आवाज दोन्हीकडं सारखाच मोठा. होटगी रोडला प्लॉट घेतला होता. आले ते काखेत एक मोठी फ्रेम घेऊनच आले. आत चित्र होतं. अखंड कागदावर छापलेलं नव्हे, तुकडे जोडून पुरं करायच्या खेळातलं. मेव्हण्यानं विलायतेहून आणलेलं, घरातल्या सगळ्यांनी मिळून जोडलेलं, मग काचेत घालून भिंतीवर टांगलेलं. पांढऱ्या भिंतीची, काळ्या लाकडांच्या पट्ट्यांची, उतरत्या छपराची इंग्लिश कॉटेज. चिमणीतून धूर, दारात फुलं.

"असं घर पायजे बघा आमाला. हुबेहूब!"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कॉलेजात इतिहासाच्या पेपरला हीच घरं मी जीव लावून शिकले होते. ओकचं ओलं लाकूड, एका तुळईला खाच, दुसरीला जीभ, आणि आरपार लाकडी खुंटी. आधी नुसता लाकडी सांगाडा उभा करायचा, मग मधल्या चौकटी भरायच्या. लाकूड वाळताना वाकतं, म्हणून घरंही जराशी तिरकी होतात. ते तिरकेपण मला फार आवडायचं. भिंतीवर जे काळं दिसतं तेच लाकूड घर तोलून धरतं. त्यात कुठं लपवाछपवी नाही.

साहेब काही बोलायच्या आत मी हे सगळं शेठना सांगून टाकलं. शेठ मन लावून ऐकत होते.

"आन् मदलं पांढरं काय असतंय? संगमरवर?"

"नाही हो! काटक्या विणायच्या आणि त्यावर माती, शेण आणि पेंढा कालवून लिंपायचा. वरून चुना. आपल्याकडं कुडाचं घर म्हणतात ना, तेच!"

शेठचा चेहराच बदलला. "कुडाचं? यप्पा! कुडात माझा आज्जा मेला की वो बाई! त्या कुडातनं निघून हितवर याला आमच्या दोन पिढ्या झिजल्या, आन् तुमी मला परत तितंच घालताय व्हय?"

साहेबांनी पाइप काढला, शेठना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, "हे पुस्तकातलं झालं, आपण मॉडर्न करू" असं सांगून त्यांना शांत केलं. शेठ जिना उतरून गेले. मग साहेब माझ्याकडं वळले. मला वाटलं, इतिहासाबद्दल दोन शब्द बोलतील.

"हे बघा मिस," ते म्हणाले, "या ऑफिसात क्लायंटसमोर शेणाचं नाव काढायचं नाही!"

*

मॉडर्न करू म्हणजे काय, ते चार दिवसांनी कळलं. भिंती विटांच्या, स्लॅब सिमेंटचा, स्लॅबवर शोभेला उतरतं छप्पर. आणि लाकूड? लाकूड नाहीच! गिलाव्यात सिमेंटच्या पट्ट्या उठवायच्या आणि रंगवायच्या.

गड्डम बिचारा पेन धरून बसला होता. "साहेब, पट्ट्या कुठं कुठं काढू?"

"जिथं रिकामं दिसेल तिथं!"

मी म्हणाले, "साहेब, मूळ घरात प्रत्येक लाकडाला काम असतं. हा तिरका टेकू वाऱ्याला अडवतो, ही आडवी तुळई माळा झेलते. असं कुठंही कसं..."

"मिस, आपल्याकडं वारा कुठंय?"

म्हणजे झालंच! मी त्यातल्या त्यात निदान खऱ्या कॉटेजीसारखी रचना बसवून दिली. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, दोन कोपऱ्यांना तिरके टेकू एकमेकांना छेदून. शेठनी नकाशा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"चुकलेल्या गणितावर मास्तर मारतो तसली फुली माझ्या घरावर? काडा ती!"

फुल्या गेल्या. मग आडव्या पट्ट्यांवर पाणी थांबून ओल येईल असं कंत्राटदारानं शेठच्या कानात घातलं. आडव्या गेल्या. उरल्या नुसत्या उभ्या. काळा रंग घराला अशुभ, असं शेठच्या आईंनी सांगितलं. त्यांना सगळे अव्वा म्हणत. अव्वांचा शब्द म्हणजे शेवटचा. मग काळ्याचा करडा झाला. पांढऱ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत जाड करड्या दांड्या!

ते आणीबाणीचे दिवस होते. कोण कधी आत जाईल सांगता येत नव्हतं. समोरच्या प्लॉटवरचे रिटायर्ड हेडमास्तर एका सकाळी रस्ता ओलांडून आले. घराकडं बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "गावातलं जेल भरलं वाटतं?"

*

चिमणी मात्र राहिली. चित्रात चिमणी होती म्हणजे घराला चिमणी हवीच. सोलापूरला! जिथं माणसं रात्री गच्चीवर पाणी शिंपडून, त्यावर सतरंजी टाकून झोपतात तिथं बैठकीत शेकोटी!

मी ती व्यवस्थित काढली होती. काय करणार, काढायचीच आहे तर धूर वर जाईल अशी तरी काढू. बांधकाम संपत आलं तेव्हा त्यात कबुतरं शिरायला लागली. साहेब साइटवर आले होते, त्यांनी कंत्राटदाराला सांगितलं, "वरून फरशी टाकून तोंड बंद करून घ्या. इथं कोण शेकोटी पेटवतंय?" मला कुणी काही सांगितलं नाही.

वास्तुशांतीला अख्खं मार्केट लोटलं होतं. स्वामीजी आले, पूजा झाली, जेवणं व्हायची होती. एवढ्यात शेठना चित्र आठवलं. चित्रात धूर होता! "अरे, धूर कुटंय? पेटवा की!"

पेटवली. मे महिना. दोन मिनिटांत बैठक अशी भरली की समोरचा माणूस दिसेना. स्वामीजींना खोकत खोकत दोघांनी हाताला धरून बाहेर काढलं. बायका पदर नाकाला लावून अंगणात पळाल्या. पानं मांडलेली तशीच राहिली.

अंगणात सगळ्यांसमोर साहेबांनी मला विचारलं, "मिस, हे कसं झालं?"

फरशीचं तुकारामनं मला तिथंच हळूच सांगितलं होतं. माझ्या कानशिलांत अशी आग पेटली! मी म्हणाले, "चिमणीचं तोंड तुम्हीच बंद करायला सांगितलंत, म्हणून झालं."

साहेबांनी पाइपकडं बघितलं. शेठनी साहेबांकडं बघितलं. पुढं काही तरी व्हायचंच, तेवढ्यात दारातून अव्वा बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हातात काठी.

"चुलीच्या धुरातनं सुटावं म्हणून हट्ट करून गॅस घेतला," त्या शेठना म्हणाल्या, "आन् तू मेल्या, धूर उचलून बैठकीत आणून बसिवलास!"

*

आता हा किस्सा ऐका. हा सांगताना गड्डम खुर्चीतून खाली घसरतो. मला मात्र पाणी मागवावं लागतं.

सोलापुरातल्या एका गिरणीत नवीन यंत्रं बसवायला विलायतेहून एक म्हातारा फिटर आला होता. उन्हानं लालबुंद, घामानं निथळणारा, पण माणूस फार साधा. शेठच्या कानावर गेलं. खराखुरा इंग्रज गावात, आणि आपलं इंग्लिश घर त्यानं बघायचं नाही? चहाला बोलावलं. इंग्लिश बोलायला आगाशे साहेब, आणि नकाशे दाखवायला मी.

म्हातारा फाटकाशी थांबला. बराच वेळ दांड्यांकडं बघत राहिला. मग बैठकीत येऊन बसला, टोपीनं वारा घेत बोलायला लागला. मी समोरच बसले होते, शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. तो म्हणाला, "लहानपणी आम्ही असल्याच काळ्यापांढऱ्या घरात राहायचो. पण ते खरं लाकडाचं होतं. छत इतकं खाली की वडिलांच्या कपाळावर कायम टेंगूळ. भिंतीत उंदीर, छपरात उंदीर, थंडीत आतल्या बाजूनं ओल. पुढं सरकारनं आम्हाला नळाचं, विटांचं घर दिलं. ते जुनं घर सोडलं त्या दिवशी माझी आई आनंदानं रडली."

इतकी वर्षं मी त्या घरांची चित्रं बघत होते. त्यात राहिलेलं माणूस पहिल्यांदाच बघत होते. मला त्याला खूप काही विचारायचं होतं. तुळया कुठल्या, चौकटी कशानं भरलेल्या, माळ्यावर कोण झोपायचं.

पण शेठना दम कुठला! "काय म्हंतोय वो? काय म्हंतोय? आवडलं का?"

साहेब पाइप हातात घेऊन अतिशय भारावल्या आवाजात म्हणाले, "म्हणतात, घर बघितलं आणि आईची आठवण आली!"

शेठच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी उठून त्या म्हाताऱ्याला मिठी मारली. मी तोंड उघडलं, तर साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर बूट ठेवला. त्या बुटाचा राग अजून गेलेला नाही!

त्यानंतर होटगी रोडला कॉटेजीची साथच आली. खरा इंग्रज घर बघून रडला, ही बातमी गावभर झाली होती ना!

*

त्या साथीत एका गिरणीचे मॅनेजर आमच्याकडं आले. गिरणीचं नाव घेत नाही, ते मॅनेजर आता नाहीत. भाषणं करायची फार हौस. कॉटेज शेठपेक्षा मोठी हवी, आणि पट्ट्या दुरून दिसतील अशा जाड हव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्या गिरणीच्या आवारात आधी जाऊन आले होते. मागच्या बाजूला चिंचेच्या झाडाखाली एक छोटं घर होतं. फार पूर्वी कुणा इंग्रज विव्हिंग मास्तरनं स्वतःसाठी बांधून घेतलेलं. अस्सल! ओकच्या जागी ब्रह्मदेशी सागवान, बाकी सगळं तसंच. खाच, जीभ, लाकडी खुंट्या. चौकटींत आपल्या मातीच्या विटा. दक्षिणेला पडवी खोल ओढलेली, कारण त्या माणसाला इथलं ऊन कळलं होतं. दारावरच्या तुळईला मी हात लावून उभी राहिले होते. सुताराच्या तासणीचे वळ बोटांना लागत होते. मुंबईत पुस्तकात बघितलेलं घर माझ्या गावात, माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर! गड्डमला घेऊन मी रविवारी जाऊन त्याची मापंही घेत होते. पगार त्या कामाचा कुणी देत नव्हतं, आवड म्हणून.

मी मॅनेजरना म्हणाले, "साहेब, तुमच्या आवारात खरी कॉटेज आहे. तीच दुरुस्त करून राहा ना! इतकं सुंदर घर आहे."

"ती?" ते म्हणाले. "ती पाडतोय आम्ही. तिथं गोडाऊन होणार."

"पाडताय? का?"

मॅनेजर खुर्चीत ताठ झाले. "गुलामगिरीची खूण आहे ती! देश स्वतंत्र होऊन इतकी वर्षं झाली, अजून किती दिवस साहेबाच्या घरासमोर मान खाली घालायची?"

मी समोरच्या नकाशाकडं बोट दाखवलं. "आणि हे काय आहे मग?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "ते जुनं इंग्लिश," ते म्हणाले. "मला नवं इंग्लिश पाहिजे!"

*

पाडायच्या दिवशी मी गेले. जायला नको होतं, तरी गेले. सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, "मयताला जाताय का?" मी हो म्हटलं.

पाडणारी टोळी सकाळीच आली होती. मुकादम पागोटेवाला, काळाकभिन्न, कमी बोलणारा. कौलं उतरवली. मग घण घेऊन भिंतींना भिडले. चौकटींतल्या विटा धडाधड पडत होत्या. दुपारपर्यंत सगळ्या भिंती जमिनीवर आल्या, विटांचा हा ढीग झाला, आणि धूळ खाली बसली.

घर उभंच होतं!

खांब, तुळया, तिरके टेकू, छपराचे वासे. आरपार चिंच दिसत होती. पाडणाऱ्या माणसांनी त्याच्याच सावलीत भाकरी सोडली. मी विटांच्या ढिगावर बसून बघत होते, आणि मला एकाच वेळी ओरडावंसं आणि रडावंसं वाटत होतं.

जेवण उरकून मॅनेजर गाडीतून आले. उतरले, आणि बघतच राहिले.

"अरे, अजून पाडलं नाही? सकाळपासून करताय काय?"

मुकादमानं तोंड धुतलं, खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं.

"पाडलं की सायब."

"मग उभं कसं काय?"

मुकादमानं घराकडं एकदा बघितलं. "ते त्येलाच इचारा!"

शेवटी दोर बांधले आणि ट्रक लावून ओढलं. पहिला दोर तुटला. दुसऱ्या खेपेला ते घर तुटून पडलं नाही, एका बाजूला कललं, कण्हलं आणि अख्खंच्या अख्खं आडवं झालं. सागवान वखारीत गेलं. पुढं मॅनेजरांच्या घरी जेवायला मोठं टेबल आलं, ते कुठल्या लाकडाचं हे मी कधी विचारलं नाही. त्या टेबलावर मला एकदा जेवायला बोलावलं होतं. मी गेले नाही.

*

आणि आता तो शेवटचा किस्सा. यावर गड्डम आणि तुकारामसुद्धा हसत नाहीत.

मॅनेजरांची कॉटेज होटगी रोडलाच बांधायला घेतली. जाड पट्ट्या त्यांनी मागितल्याच होत्या, म्हणजे गिलाव्यातून नुसत्या उठवून भागणार नव्हतं. भिंतीतून हातभर बाहेर आलेल्या सिमेंटच्या तुळया, तोलत काहीच नाहीत, नुसत्या चिकटलेल्या. मी त्या आत भिंतीत सळईनं बांधून घ्यायच्या असं काढून दिलं होतं. साहेबांनी लाल पेन्सिलनं सळई खोडली.

"डेकोरेशनला कुणी सळई घालतं का? सळई काय झाडाला लागते?"

मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले, खालच्या कापडवाल्यानं जिन्यात येऊन बघितलं इतकं. मग साइटवर गेले आणि कंत्राटदाराशी भांडले. तो म्हणाला, "बाई, सायबांची सही आणा, लगेच घालतो." सही साहेबांची. सळई गेलीच.

एका दुपारी मी साइटवर होते. तुकाराम मिस्त्रीशी बोलत होता. बिगारी बायका घमेल्यांतून माल वाहत होत्या. पुढं लक्ष्मव्वा होती, अक्कलकोटकडची, मराठी मोडकं बोलायची आणि काम करताना सारखी गुणगुणायची. तिच्या मागं तिची सोबतीण इठाबाई. वर काही कुरकुरलं. मी मान वर केली तोवर खिडकीवरची ती खोटी तुळई भिंतीपासून सुटली होती.

ती लक्ष्मव्वाच्या डोक्यावरच्या घमेल्यावर आदळली, आणि तिथून उजव्या खांद्यावर. घमेलं होतं म्हणून ती वाचली. आवाज झाला तो मी इथं सांगणार नाही.

आम्ही तिला दाराच्या फळीवर घेतलं. तुकारामनं रस्त्यावरचा टांगा अडवला आणि तिला मांडीवर घेऊन तो सरकारी दवाखान्यात गेला. हाड पुढं जुळलं. पण तो हात डोक्यावर ओझं चढवायला पुन्हा कधी उठला नाही, आणि तिचं पोट त्या हातावर होतं.

बायकांनी घमेली खाली ठेवली. कुणी कुणाला सांगितलं नाही. भिंतीच्या सावलीत एका रांगेत जाऊन बसल्या. मिस्त्री थांबले. मिक्सरमधला माल तसाच घट्ट होत राहिला.

कंत्राटदारानं कळवलं, तसे साहेब आणि मॅनेजर एकाच गाडीतून आले. जमिनीवर अजून रक्त होतं. साहेब त्याला वळसा घालून भिंतीपाशी गेले, तुळई जिथून सुटली तिथं हात फिरवला, टकटक करून बघितलं, मागं सरून सगळी भिंत नजरेखालून घातली. मॅनेजर घाम पुसत विचारत होते, "काय झालं? सीरियस आहे का?"

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. "छे छे! फक्त डेकोरेशन पडलंय. स्ट्रक्चरला काहीही झालेलं नाही."

"वाचलो!" मॅनेजर म्हणाले.

मी साहेबांना काय बोलले ते मला आठवत नाही. गड्डम म्हणतो बरं झालं आठवत नाही. एवढं आठवतं की ते मला "मिस, कंट्रोल युवरसेल्फ" म्हणत होते, आणि सावलीत बसलेल्या रांगेतून इठाबाई उठून आमच्याकडं येत होती. साडीवर लक्ष्मव्वाचं रक्त तसंच होतं. साहेबांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर येऊन थांबली.

"बाई, डेकोरेशन म्हंजी काय वो?"

"नुसतं दिसायला लावलेलं," मी म्हणाले. "त्यानं काही तोललेलं नसतं."

"मंग ते काडलं तर घर पडंल?"

"नाही. काही होणार नाही घराला."

"बरं," इठाबाई म्हणाली. वळली. विटा फोडायला ठेवलेला घण दोन्ही हातांनी उचलून तिनं खांद्यावर घेतला. सावलीतल्या बाकीच्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. एकीनं पहार घेतली, एकीनं फावडं.

"अरे, काय चाललंय हे? अडवा त्यांना!" मॅनेजर ओरडले. मिस्त्रींपैकी कुणी जागचं हललं नाही.

इठाबाई भिंतीला लागलेल्या बांबूच्या परांचीच्या पायथ्याशी जाऊन थांबली, आणि मागं वळून मला म्हणाली, "बाई, आमाला अडाण्यांना न्हाय कळत. ह्यातलं घर कुटलं आन् डेकोरेशन कुटलं, तेवडं दावा."

"मिस! आधी इकडं या! मिस!" साहेब ओरडत होते.

मी मिस्त्रीच्या पेटीतला खुणा करायचा गेरू उचलला, पदर खोचला आणि परांचीवर चढले.